सडा विकायला निघालेल्या चुलतभावाशी बोलायचं कसं?

पत्र देवगड तालुक्यातून आलंय. नाव-गाव छापू नका म्हणालाय, नाही छापत. मोठं पत्र आहे, कामापुरतं देते. कोकणाबाहेरच्यांसाठी, सडा म्हणजे डोंगरावरचा कातळाचा उघडा माळ.

"ताई, मी ४२ वर्षांचा. मुंबईला होतो, लॉकडाऊनला गावी आलो तो इथेच राहिलो. घरची आंब्याची १३० कलमं, खाली भाताचे दोन मळे, वर साडेसहा एकर सडा. सातबारा सामायिक, ११ नावं. दिवाळीपासून एक एजंट फिरतोय, कुठल्यातरी कंपनीसाठी सडा घेतोय, शेजारच्या वाडीतला अर्ध्याच्या वर घेऊन झाला. म्हणतो कायदा बदललाय, आता शेतकरी नसला तरी कोणीही जमीन घेऊ शकतो, आणि आत्ता नाही दिलीत तर उद्या सरकार कवडीमोलाने घेणारच. गावात आम्ही समिती केलीय, मीच पुढे आहे. आणि माझाच चुलतभाऊ, नालासोपाऱ्याला असतो, त्याने टोकन घेतलं आणि आणखी चौघांच्या सह्या मुखत्यारपत्रावर घेतल्या. मी फॅमिली ग्रुपवर त्याला गद्दार म्हटलं, तो ग्रुप सोडून गेला. बाबा ८१ चे, ते एवढंच म्हणतात, 'विकूक येता, परत घेवक येता काय?' गणपतीला तो येणार, गणपती मूळ घरात एकच. केस टाकू का? बोलू का? बोलू तर काय बोलू?"

अरे, तू माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, तेव्हा तूच म्हणते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच गोष्टीवर अडले. तू कंपनीबद्दल लिहिलंस, एजंटबद्दल लिहिलंस, सरकारबद्दल तर पानभर लिहिलंस, पण त्या भावाला या जमिनीतून गेल्या पाच वर्षांत काय मिळालं हे एका ओळीतही नाही. १३० कलमं तू राखतोस, फवारणी तू करतोस, पेट्या वाशीला तू पाठवतोस, कष्ट तुझे, कबूल. पण सातबाऱ्यावर नाव त्याचंही आहे ना. त्याला मेमध्ये एक पेटी जात असेल, तीही एसटीच्या पार्सलने, आणि त्यातले चार आंबे कुजलेले. मग एजंट येऊन म्हणतो हे घे टोकन, तेव्हा त्या माणसाला पहिल्यांदा वाटतं की गावाला आपली जमीन आहे. हे बोलायला कडू आहे पण मी तुझी समिती नाही, मी तुला टाळ्या द्यायला बसलेली नाही.

आमच्याकडे हेच झालंय म्हणून सांगते. २०१० च्या आसपास माझ्या थोरल्या दादाची ठाण्याला पगडीची खोली पाडणार होते, नवीन बांधकामात त्याला पैसे भरायचे होते. त्याने मला फोन केला, म्हणाला सड्यातला माझा हिस्सा तू घेतेस का. मी हसले. म्हटलं भावाकडून कोणी जमीन विकत घेतं का, काहीतरीच बोलतोस. त्याने पुन्हा विचारलं नाही. सहा महिन्यांनी कळलं की हिस्सा एका कंपनीला गेला. मी मोठा आवाज केला, राखीला गेले नाही, गावभर सांगत फिरले. कंपनीने सिमेंटचे खांब रोवले, काटेरी तार ओढली, एक पत्र्याचा बोर्ड लावला, खाजगी मालमत्ता प्रवेश निषिद्ध, खाली ०२२ चा नंबर. सड्याच्या कडेला आमची पाण्याची वाट होती, दगडी गडग्यातून गुरं जायची ती बंद झाली, आई करवंदं काढायला जायची ते बंद झालं. आणि आलं काय तिथे? काही नाही. आजही तिथे बोर्डच आहे, त्याचाही पत्रा गंजला, नंबरातले दोन आकडे गळून पडले. दादाने पहिल्यांदा मलाच विचारलं होतं हे मी बाहेर कोणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितेय.

आता कायद्याचं, कारण एजंटने तुला अर्धं खरं सांगितलंय आणि अर्धं खरं सगळ्यात जास्त त्रास देतं.

शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आजही आडवं येतं ते १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. पण त्याच कायद्यात नंतर एक खिडकी पाडली गेली, ६३ एक-अ, तिच्यातून खऱ्याखुऱ्या उद्योगासाठी जमीन घेणाऱ्याला ती परवानगी लागत नाही, झोन बसत असला की झालं. १० हेक्टरच्या वर असेल तर उद्योग खात्याच्या विकास आयुक्तांकडे जावं लागतं, आणि घेतल्यावर ठराविक मुदतीत उद्योग सुरू करायची अट असते. म्हणजे "कोणीही घेऊ शकतो" हे खोटं, आणि "कंपनी घेऊच शकत नाही" हे तुमच्या समितीच्या पत्रकात असेल तर तेही खोटं. कर्नाटकात मात्र खरंच दार सताड उघडलं, २०२० च्या जुलैमध्ये अध्यादेश काढून ७९-अ आणि ७९-ब ही कलमंच काढली, बिगरशेतकऱ्याला बंदी घालणारी तीच होती, त्यावरून २८ सप्टेंबरला कर्नाटक बंद झाला. बेळगाव-निपाणीकडचं कोणी सांगितलं असेल एजंटला आणि तो ते तुला इथे ऐकवतोय असंही असू शकतं. त्याला विचार, कुठल्या राज्याचा कायदा बाबा?

ही कलमं नुसती कागदावरची नाहीत रे. कोकणात खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारे जमीनदार, होते तेव्हा जमीन कसणारा वेगळा आणि खाणारा वेगळा होता. अलिबागजवळ चरीला १९३३ पासून शेतकऱ्यांनी संप केला, नारायण नागू पाटलांच्या मागे २५ गावं उभी राहिली, १९३९ पर्यंत शेतं ओसाड ठेवली पण खोताला पिकवून दिलं नाही. आंबेडकरांनी १९३७ ला मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं, खोती गेली ती शेवटी १९४९ च्या कायद्याने, आणि १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झालं. तुझ्या बाबांना तो काळ बघितलेल्या माणसांनी वाढवलंय, म्हणून ते एका वाक्यात बोलतात. ज्या कायद्याने कूळ मालक झालं त्यातच कलम ६३ आहे, त्यामुळे ते सैल करायची भाषा आली की कोकणातला म्हातारा कान टवकारतो, त्याला मागास म्हणायचं कारण नाही.

"सरकार कवडीमोलाने घेणारच", हे मात्र मला नीट सोडवून सांगायचंय, कारण याच वाक्यावर सह्या होतात. सरकारने २०१३ च्या भूसंपादन कायद्याने घेतली तर ग्रामीण भागात बाजारभावाला २ पर्यंतचा गुणक लागतो आणि वर १०० टक्के सोलेशियम, सक्तीने घेतल्याबद्दलची जादा भरपाई, म्हणजे लोक म्हणतात ते चौपट, झाडं आणि विहीर वेगळी. खाजगी कंपनीसाठी घेत असतील तर ८० टक्के जमीनमालकांची संमती लागते, सरकारी-खाजगी भागीदारीला ७०. केंद्राने २०१४ च्या डिसेंबरात अध्यादेश काढून हीच संमती बऱ्याच प्रकल्पांतून उडवायला बघितली होती, विरोध एवढा झाला की २०१५ च्या ऑगस्टमध्ये तो अध्यादेश संपू दिला. पण हे सगळं ऐकून निर्धास्त होऊ नकोस, एमआयडीसीचा रस्ता वेगळा आहे. तो १९६१ च्या स्वतःच्या कायद्यातून जातो, तिथे ८० टक्क्यांची अट नाही, तिथे कलम ३२ ची नोटीस येते आणि मुदतीत लेखी हरकत द्यायची असते. तोंडी ओरडलेलं फाईलला लागत नाही.

आणि आता खरी गंमत, जी एजंट सांगणार नाही. बाजारभाव काढतात कशावरून? रेडी रेकनर, म्हणजे सरकारचा दरतक्ता, बघतात आणि आजूबाजूला गेल्या ३ वर्षांत झालेली खरेदीखतं बघतात, त्यातली जास्त दराची अर्धी घेऊन सरासरी. आता सांग, सगळ्या वाडीने सडा एजंटला स्वस्तात दिला असेल तर सरासरी कोणाची निघणार? तुझ्या भावाचं स्वस्तातलं खरेदीखत उद्या तुझ्याच जमिनीचा भाव ठरवणार. आणि चौपट मिळणार ते त्या दिवशी सातबाऱ्यावर नाव असेल त्याला. तुमच्या तालुक्यातली गिर्ये-रामेश्वर नाणारच्या रिफायनरीत होती, २०१७ ला एमआयडीसीची अधिसूचना आली, २०१९ च्या मार्चला रद्द झाली, तेव्हापासून राजापूरकडचे लोक हेच ओरडतायत ना, की घोषणेच्या आधीच बाहेरच्यांनी जमिनी घेऊन ठेवल्या होत्या. पुढे रिफायनरीसाठी बारसूचं नाव आलं, तिथेही तेच बोललं गेलं. हे भावाला सांग. माती आई आहे वगैरे नको सांगू, नालासोपाऱ्याच्या ट्रेनला लटकून जाणाऱ्याला ते ऐकवू नये. त्याला हा हिशोब सांग, माणूस हिशोब ऐकतो.

केस टाकू का म्हणतोस. थांब जरा. आधी मोबाईलवर चार गोष्टी बघून घे, एक संध्याकाळ लागेल, रेंज असली तर. महाभूलेखवर सातबारा काढ आणि खाली इतर हक्कात बघ, कलम ४३ ला पात्र असा शेरा आहे का. जमीन कूळ कायद्याने मिळालेली असेल तर तो असतो. पूर्वी अशी जमीन विकायला परवानगीच लागायची, २०१४ पासून मालकी मिळून १० वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, ४० पट नजराणा सरकारला भरून विकता येते, पण भरावा तर लागतोच, तो भरलाय का? मग 'आपली चावडी'वर तुमच्या गावचे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदी, बघत राहा, खरेदीची नोंद आली की हरकतीला १५ दिवस असतात आणि हे दिवस भात लावणीत आले की कोणाच्या लक्षात राहत नाहीत. नोंदणी खात्याच्या साईटवर ई-सर्च फुकट आहे, गावाचं नाव टाक, शेजारच्या वाडीतली सूची दोन, म्हणजे खरेदीखतांचा नोंदणी उतारा, काढ, घेणारा नक्की कोण ते कळेल. माझा अंदाज आहे कंपनीचं नाव नसेलच, चार-पाच माणसांची नावं असतील, शेतकरी दाखला असलेली. कारण जिरायत जमीन एका कुटुंबाला ५४ एकरच्या वर ठेवता येत नाही, कमाल धारणेचा कायदा अजून आहे. समितीने हे कागद जमवले ना तर तहसीलदाराकडे दहा मोर्चांचं काम होईल. ग्रामसभेचा ठराव पण करा, त्याने काही थांबत नाही एकट्याने, पण फाईलला राहतो.

मुखत्यारपत्राचं घाबरू नको एवढं. नुसत्या मुखत्यारपत्राने आणि साठेकराराने, म्हणजे पुढे विकीन अशा कराराने, जमीन कोणाची होत नाही, सुप्रीम कोर्टाने २०११ लाच सांगितलंय, रीतसर नोंदलेलं खरेदीखत लागतं. त्या चौघांपैकी कोणाला वाटलं की आपण घाईत सही केली तर ती रद्द करता येते, पैसे घेतले असतील आणि कागदात तसं गुंतवलं असेल तर मात्र वकील लागेल. चौघांना वेगवेगळे फोन कर. ग्रुपवर नाही, फोन. आणि त्यांच्यातल्या आत्याबायांना आधी कर, बायकांना सहसा सही कर एवढंच सांगितलेलं असतं, कशावर ते नाही. माझंही नाव सातबाऱ्यावर आहे आणि माझीही एक सही अशी गेलीय, म्हणून बोलते.

आता हिस्सा. भावाला त्याचा हिस्सा विकायचा हक्क आहे, हे तू आधी गिळ. तू समितीत कितीही पुढे असलास तरी त्याचा हिस्सा तुझा होत नाही. पण सामायिकात त्याने विकला तर घेणारा तुमच्यात हिस्सेदार होऊन बसतो, मग तो वाटप मागतो, आणि वाटपात रस्त्याकडचा तुकडा आणि पाण्याची वाट कोणाकडे जाईल ते तूच विचार कर. हिंदू वारसा कायद्यात कलम २२ आहे, वारसाने आलेला हिस्सा कोणी बाहेर विकत असेल तर बरोबरच्या वारसाला आधी घ्यायचा हक्क आहे, आणि शेतजमिनीलाही ते लागतं असं सुप्रीम कोर्टाने २०१९ ला म्हटलंय. सख्ख्या भावंडांत ते सरळ आहे, चुलत्यांत गुंता होतो, कोणाच्या मागे कोण कधी वारस लागलं ते बघावं लागतं, तेव्हा वारस फेरफार घेऊन देवगडच्या वकिलाकडे जा, फोनवर सल्ला मागू नको.

पण कलम २२ कोर्टात वापरण्याआधी ओटीवर वापर. मला दादाने विचारलं होतं ते हेच होतं, मला कळलं नाही. तू भावाला विचार, तुला किती हवेत आणि कशाला हवेत. घराचा हप्ता असेल, पोरीची ॲडमिशन असेल, एखाद वेळी काहीच नसेल, नुसता राग असेल की गाववाले मला विचारत नाहीत. पैसे हवे असतील तर एजंटचा दर तुला एकट्याला जमणार नाही हे मला कळतं, आंब्याचं काय चाललंय ते मी बघते, मोहोर आला की थ्रिप्स, थ्रिप्स गेला की अवकाळी. पण बाकीचे सात-आठ हिस्सेदार मिळून दोन-तीन हप्त्यांत देता येईल का ते बघा. आणि ते जमत नसेल तर निदान वाटप करून घ्या, मोजणी आणा, पोटहिस्से पाडा, त्याच्या वाट्याला वरचा सडा द्या, पाण्याची आणि गुरांची वाट वाटणीपत्रात लिहून घ्या, किती फूट ते सुद्धा. मग त्याने त्याचा तुकडा विकला तर विकला. तुला वाईट वाटेल, मलाही वाटेल, पण तुझी कलमं आणि मळे सुटलेले असतील आणि वाट अडवायची कोणाची हिंमत होणार नाही. तुमच्या समितीला हे कमी क्रांतिकारी वाटेल. वाटू दे.

आणि या वर्षीपासून कलमांचा हिशोब वहीत लिही. खत, फवारणी, राखण, पेट्या, सगळं, तुझी मजुरी पण धर, लाजू नको. उरेल त्यातला त्याचा हिस्सा त्याच्या खात्यावर टाक, दोन हजार असले तरी टाक. ही वही गणपतीला त्याच्यापुढे ठेव, मागच्या वर्षांचं आठवेल तेवढं लिहून. आरतीच्या आधी नको, आधी ठेवलीस तर जेवण होणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाकीचे झोपलेले असतात तेव्हा, चहाला. गद्दार शब्द मागे घे, ग्रुपवर म्हटलास ना, मग ग्रुपवरच मागे घे, त्याला परत ॲड करून. बाबांना त्या बोलण्यात बसव पण त्यांना बोलायला लावू नको, ते त्यांचं वाक्य म्हणतील आणि भाऊ उठून जाईल.

एजंट तेवढ्यात आला तर त्याला चहा दे आणि सांग की लेखी दे, कोणासाठी घेतोयस, कुठल्या उद्योगाला आणि किती दिवसांत चालू करणार. बहुतेक तो चहा न पिता जाईल.

एक राहिलं. बाबांच्या ट्रंकेत कूळ कायद्याचं ३२-म चं सर्टिफिकेट, कूळ मालक झाल्याचा दाखला, असेल, पिवळा पडलेला कागद, खाली शेतजमीन न्यायाधिकरणाचा शिक्का. ते काढ, फोटो घे, दोन झेरॉक्स मार. लॅमिनेट मात्र करू नको, आमच्याकडे केलं आणि शिक्क्यावर असा बुडबुडा आला की तलाठ्याला तारीखच वाचता येईना.